मॅक्लोडगंजला शिकवायला जाताय? आधी वर्ग, मग भटकंती

महिनाभराची रजा टाकायची, हिमाचलात धरमशालेच्या वर असलेल्या मॅक्लोडगंजला जायचं, तिथल्या निर्वासित तिबेटी लोकांना इंग्रजी शिकवायचं आणि जमेल तसं डोंगरात फिरायचं, असा बेत करणारे दर हंगामात भेटतात. बेत उत्तम असतो, क्रम उलटा असतो. तिकीट आधी काढतात, ट्रेक आधी ठरतो आणि वर्ग उरलेल्या वेळात बसवतात. मग एखाद्या बुधवारी सर ट्रिऊंडच्या डोंगरावर असतात आणि इकडे वर्गात मंडळी वह्या उघडून वाट बघत असतात. त्यातल्या एखाद्याने हॉटेलातली पाळी बदलून घेतलेली असते.

ही चूक टाळायची तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. इथे मी प्रौढांच्या वर्गांबद्दल लिहितोय: तिबेटातून आलेले तरुण, भिक्षू, भिक्षुणी, स्वयंपाकघरात किंवा दुकानात काम करणारे लोक. स्वयंसेवकांची गरज मुख्यतः तिथेच असते. शाळांमध्ये त्यांचे शिक्षक असतात आणि बाहेरच्या माणसाला तिथे सहज प्रवेश नसतो, नसावाही.

१. तारखा: आधी त्यांचं कॅलेंडर बघा

मार्च ते जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर हे सोयीचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये धरमशालेत पाऊस कोकणासारखा कोसळतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, रस्ते खचतात. हिवाळ्यात बर्फ पडतो, घरांमध्ये हीटर क्वचित असतो आणि बरेच तिबेटी लोक थंडीचे दोन-तीन महिने खाली उतरतात: कुणी बोधगयेला, कुणी स्वेटर विकायला आपल्याच पुण्या-नागपुरात.

मग सुट्ट्या. लोसार म्हणजे तिबेटी नवं वर्ष, ते फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये येतं आणि त्या आठवड्यात वर्ग विसरा. १० मार्च हा तिबेटातल्या १९५९च्या चीनविरोधी उठावाचा स्मृतिदिन. ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस, २ सप्टेंबरला लोकशाही दिन, १० डिसेंबरला त्यांच्या नोबेल पुरस्काराचा दिवस. मे-जूनच्या सुमारास सागा दावा हा पवित्र महिना असतो. त्यात पौर्णिमेला सगळं गाव प्रदक्षिणेला निघतं आणि अनेक जण महिनाभर मांस सोडतात.

तपासा: सुट्ट्या वजा जाता सलग तीन आठवडे उरतात का? उरत नसतील तर व्याकरणाचा वर्ग मागू नका. संभाषणाच्या तासाला बसा. तिथे रोज नवा माणूस आला तरी कुणाचं अडत नाही. हातात चारच दिवस असतील आणि तुम्ही विदर्भातले असाल, तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आधी तिथे जाऊन या, बोला, जेवा. हिमाचलचा खर्च करण्याआधी आपल्याला हे जमेल का याचा अंदाज येतो.

२. काम पक्कं करा, तेही लेखी

मॅक्लोडगंजमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या अनेक संस्था आहेत. 'ल्हा' हे त्यातलं जुनं नाव. निवडलेल्या संस्थेला निघण्याच्या दीड-दोन महिने आधी ईमेल करा आणि त्यात चारच गोष्टी लिहा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत असाल, रोज किती तास देऊ शकाल, आधी कुणाला काय शिकवलंय, आणि मधल्या कुठल्या दिवशी येणार नाही. ही चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

उत्तर आल्यावर तुम्ही विचारा: वर्गाची पातळी काय? आधीच्या स्वयंसेवकाने कुठवर आणलंय? फळा आहे का? छपाईची सोय कुणाकडे?

सावध राहा: शिकवण्याची संधी देतो म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. तसंच कुठलीही चौकशी न करता 'या, उद्यापासून लहान मुलांसोबत राहा' म्हणणारी जागाही टाळा. मुलांच्या जागी अनोळखी माणसाला कागदपत्रं न बघता घेणं हे वाईट व्यवस्थापनाचं लक्षण आहे.

घरातलं कुणी परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर धरमशालेसाठी वेगळा परवाना लागत नाही, पण बैलकुप्पे, मुंडगोड यांसारख्या कर्नाटकातल्या वसाहतींसाठी संरक्षित क्षेत्र परवाना लागतो आणि तो वेळखाऊ आहे. स्वयंसेवेच्या कामाला व्हिसा चालतो का, हेही त्यांनी निघण्याआधी विचारून घ्यावं.

३. प्रवास, खोली, सामान

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने पठाणकोट कॅन्ट आणि तिथून बसने धरमशाला, हा जुना मराठी मार्ग. दिल्लीमार्गे जात असाल तर मजनू का टिला या तिबेटी वस्तीतून संध्याकाळच्या बस सुटतात आणि सकाळी पोचवतात. शेवटचे काही तास वळणांचे आहेत. उलटीची गोळी बस सुटायच्या आधी घ्या, वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. धरमशालेचा कोतवाली बाजार खाली आहे आणि मॅक्लोडगंज वर, सुमारे २,००० मीटरवर. बुकिंग करताना 'धरमशाला' एवढंच वाचून खालची खोली घेतली तर रोज जीप किंवा रोपवे करावा लागेल.

खोली आधी दोन रात्रींपुरतीच घ्या. महिन्याची खोली तिथे पोचल्यावर पायी फिरून बघा. जोगीवाडा रोड, भागसू रोड आणि त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर घरगुती खोल्या मिळतात. महिन्याचं भाडं रोजच्या दराच्या हिशेबात बरंच कमी पडतं. खोली बघताना गीझर स्वतः चालू करून बघा, खिडकीला माकडांसाठी जाळी आहे का बघा, आणि वर्गापासून खोलीपर्यंत चढ किती ते एकदा चालून बघा. वरच्या बाजूचं धरमकोट गाव सुंदर आहे, पण संध्याकाळचा वर्ग आटपून अंधारात वर चढणं तिसऱ्या दिवशी जिवावर येतं.

सामानात छत्री आणि पकड असलेले बूट कुठल्याही महिन्यात हवेत. टॉर्च हवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे वर्गासाठी वेगळे ठेवा. आणि घरून आणायच्या शैक्षणिक वस्तू: फळ्याचे मार्कर, जुनी रंगीत मासिकं (चित्रं कापायला), मुंबई लोकलचा किंवा पुण्याच्या पीएमपीचा नकाशा. या शेवटच्या वस्तूवर रस्ता विचारण्याचा सगळा पाठ होतो. ढीगभर पाठ्यपुस्तकं नेऊ नका, तिथल्या कपाटांत ती भरपूर पडलेली असतात.

४. पहिले दोन दिवस: शिकवू नका

पहिल्या दिवशी सकाळी कोरा करा. दलाई लामांच्या निवासस्थानाच्या टेकडीभोवतीची ही प्रदक्षिणेची वाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. आपल्यासारखंच देव उजव्या हाताला ठेवून चालायचं. मणिचक्रंही (मंत्र असलेली फिरती नळकांडी) त्याच दिशेने फिरवायची. तुमचे अर्धे विद्यार्थी आणि त्यांच्या घरची म्हातारी माणसं इथेच दिसतील.

दुसऱ्या दिवशी आधीच्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसा. हाजरी घेऊ नका, ओळख करून देऊ नका, फक्त बघा: कोण बोलतं, कोण लिहून घेतं, कोण खिडकीपाशी गप्प बसतं. नावं टिपताना दोन्ही नावं लिहा. दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो आणि त्यांनी दिलेल्या नावांमध्ये तेन्झिन असतंच, त्यामुळे एका वर्गात चार तेन्झिन ही नेहमीची गोष्ट आहे. आडनाव बहुतेकांना नसतं. ते मागत बसू नका.

तपासा: दुसऱ्या दिवशी रात्री तुम्हाला वर्गातल्या निम्म्या लोकांची नावं न बघता सांगता येतात का? येत नसतील तर आणखी एक दिवस मागे बसा.

५. वर्ग

पाठ रोजचा रोज पूर्ण व्हायला हवा. 'उरलेलं उद्या' हे धोरण इथे चालत नाही, कारण उद्या कोण येईल याची खात्री नसते. कुणाला भारतात राहण्यासाठीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी कार्यालयात जायचं असतं, कुणाची हॉटेलात पाळी असते, कुणी धर्मप्रवचनाला गेलेलं असतं. गैरहजेरी म्हणजे निरुत्साह असं समजणारे शिक्षक आठवडाभरात रुसतात.

एका तासाची चालणारी मांडणी अशी. पहिली दहा मिनिटं फळ्यावरच्या एका प्रश्नावर प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. पुढची पंधरा मिनिटं नवे शब्द आणि वाक्यं. मग वीस मिनिटं जोड्यांनी बोलायचं, आणि तेव्हा तुम्ही गप्प. दहा मिनिटं लेखन. शेवटची पाच मिनिटं फळा पुसून तीच वाक्यं तोंडी.

दवाखान्याचा पाठ घ्या. सगळ्यांना लागतो आणि कुणाला लाजवत नाही. 'आय हॅव अ फीव्हर' हे वाक्य लिहा आणि ऐका. बऱ्याच जणांचं 'पीबर' होईल, कारण तिबेटीत ओठाला दात लावून काढायचा 'फ' आणि 'व्ह' नाही. कॉफीचं कॉपी होतं तेही म्हणूनच. 'पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा' करून काही होत नाही. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, ओठांसमोर धरा. 'प' म्हटलं की पट्टी एकदम उडते. आता वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायला सांगा: पट्टी उडत नाही, नुसती थरथरत राहते. हा फरक डोळ्यांना दिसला की वर्ग हसतो आणि मग आवाज सापडतो. त्याच्या आदल्या रात्री स्वतःचेही उच्चार तपासा. आपण मराठी माणसं 'व्हाइन' आणि 'वाइन' एकाच 'व'ने उरकतो आणि तीच सवय विद्यार्थ्यांना लावून येतो.

एक सोय मात्र आपल्याकडे आहे. तिबेटी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं. 'आय मोमो ईट' असं कुणी म्हणालं तर ते कुठून आलं हे इंग्लंड-अमेरिकेतल्या स्वयंसेवकाला कोडं वाटतं, तुम्हाला वाटणार नाही.

वारांचा पाठ नावांवरून घ्या. दावा सोमवारचा, मिग्मार मंगळवारचा, ल्हाकपा बुधवारचा, फुर्बू गुरुवारचा, पासांग शुक्रवारचा, पेन्पा शनिवारचा आणि न्यिमा रविवारचा. अशा नावाची दोन-तीन माणसं वर्गात असतातच. त्यांना फळ्यापाशी क्रमाने उभं करा, काम झालं.

नेहमीच्या चुका

पहिल्याच दिवशी 'माय फॅमिली' हा पाठ. सगळ्या पुस्तकांत तो पहिला असतो आणि इथे तो सगळ्यात वाईट. वर्गातल्या कित्येकांचे आईवडील तिबेटात आहेत आणि वर्षानुवर्षं भेट नाही. २०२० मध्ये भारतात वीचॅट हे चिनी संदेश-अ‍ॅप बंद झाल्यावर अनेकांचा रोजचा संपर्कही तुटला. कुटुंबाचा विषय त्यांनी काढला तर ऐका, तुम्ही काढू नका. 'सीमा कशी ओलांडली' हेही विचारायचं नाही.

हिंदीतून समजावणं. भारतात जन्मलेले विद्यार्थी सराईत हिंदी बोलतात, नव्याने आलेल्यांना एक शब्द कळत नाही. हिंदी सुरू केली की वर्गाचे दोन भाग होतात आणि मागचा भाग दुसऱ्या आठवड्यात येणं थांबवतो. चित्रं, हातवारे, फळा वापरा.

'समजलं का?' असं विचारणं. समजलं नसलं तरी हो म्हणतील, गुरूला नाही कसं म्हणायचं? त्याऐवजी त्यांच्याकडून वाक्य म्हणवून घ्या.

तिबेटी अक्षरं असलेला कागद जमिनीवर ठेवणं, पुस्तक ओलांडून जाणं, पायाने काही सरकवणं. आपल्याकडेही पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतात, तेव्हा हे वेगळं शिकायला नको. डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्यासुद्धा. भिक्षूंना वस्तू दोन्ही हातांनी द्या आणि जोड्या लावताना भिक्षुणी व पुरुष विद्यार्थी यांना शेजारी कोंबू नका.

थांबा: वर्गाचा फोटो काढण्याआधी संस्थेला विचारा, मग प्रत्येकाला विचारा, आणि तरीही चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. इथल्या एका फोटोमुळे तिबेटातल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. १० मार्चच्या मोर्च्याच्या बाबतीत तर हे डोळ्यांत तेल घालून पाळा.

६. रोजचा दिवस

सकाळी कोरा, मग पाठाची तयारी, दुपारी किंवा संध्याकाळी वर्ग. तयारीला वर्गाइतकाच वेळ लागतो, तो आधीच राखून ठेवा.

हाक मारताना नावापुढे 'ला' जोडा. तुम्हाला ते 'गेन-ला' म्हणतील, म्हणजे गुरुजी किंवा बाई. घरमालकीण अमा-ला, म्हातारे गृहस्थ पोपो-ला आणि आजी मोमो-ला. हो, मोमो-ला. पहिल्यांदा हसू येईल, आवरा.

जेवणात थुक्पा (नूडल्सचं सूप), थेन्थुक (हाताने तोडलेल्या कणकेच्या तुकड्यांचं सूप), टिंगमो (वाफवलेला पाव) आणि भाजी हे रोज चालेल असं अन्न आहे. शाकाहारी असाल तर 'व्हेज थुक्पा' मागितल्यावरही पाणी हाडांचं नाही ना, हे विचारा. मांसाचे तुकडे काढून देणं म्हणजे शाकाहार, असं समजणारी स्वयंपाकघरं आहेत. कुणाच्या घरी लोण्याचा खारा चहा मिळेल. एक-दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला की लगेच काठोकाठ भरतात. नको असेल तर भरलेला पेला तसाच राहू द्या आणि निघताना संपवा. प्रत्येक वेळी रिकामा केलात तर तुम्हाला आवडला असं समजून भरतच राहतील.

पिशवीतून केळी दिसली की माकडं येतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर हिमाचलात बंदी आहे, कापडी पिशवी ठेवा. पाण्याची बाटली घरून न्या. गाळलेलं पाणी भरून देणारी ठिकाणं गावात आहेत.

पैशांबद्दल. ओळख वाढली की एखादा विद्यार्थी शिकवणीच्या, औषधाच्या खर्चाबद्दल बोलेल. कधी खरी गरज असते. तरी एकट्याने वचन देऊ नका, मदत संस्थेमार्फत करा, नाहीतर वर्गात कुणाला मिळालं आणि कुणाला नाही याची चर्चा सुरू होते. चौकात बाळासाठी दुधाची पावडर घेऊन द्या म्हणणाऱ्या बाया हा वेगळाच प्रकार आहे. डबा घेऊन दिलात तर बहुधा तो त्याच दुकानात परत जातो.

७. भटकंती: वर्गाला धक्का न लावता

आधी वर्गाचे वार एका कागदावर लिहा. मोकळ्या जागांमध्ये बाहेर पडायचं, जवळून लांब या क्रमाने.

सकाळच्या मोकळ्या वेळात: गांगछेन क्यिशोंग. जोगीवाडा रोडने पायी उतरता येतं. तिथे निर्वासित तिबेटी प्रशासनाची कार्यालयं, १९७० साली सुरू झालेलं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. मी तर म्हणेन, पहिल्या आठवड्यातच जा, कारण विद्यार्थ्यांना जे विचारायचं नाही त्यातलं बरंच इथे कळतं. भागसूनागचं मंदिर आणि धबधबाही जवळ आहे, मात्र शनिवार-रविवारी तिथे पायऱ्यांवर नुसती गर्दी. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात उतरू नका. जुलै २०२१ मध्ये इथेच आलेल्या लोंढ्यात गाड्या वाहून गेल्या होत्या.

अर्धा दिवस: सिद्धपूरची नोर्बुलिंगका संस्था. थांका म्हणजे कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं रंगवणारे आणि लाकूड कोरणारे कारागीर काम करताना दिसतात. फॉर्सिथगंजचं देवदारांतलं जुनं चर्च जाता-येता होतं.

पूर्ण सुट्टीचा दिवस: ट्रिऊंड, सुमारे २,८५० मीटर. गल्लू देवीच्या मंदिरापासून चढायला तीन ते चार तास धरा. सकाळी सातच्या आत निघा, दुपारनंतर ढग भरतात आणि गारा पडतात. वर मुक्कामाचे नियम बदलत असतात, आदल्या दिवशी गावात चौकशी करा. दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग असेल तर मुक्काम नकोच. कांगडा किल्ला आणि मसरूरची कातळात कोरलेली मंदिरं एका गाडीत एकाच दिवशी होतात. वेरूळ पाहिलेल्याला मसरूर लहान वाटेल, पण समोरच्या तळ्यात पडणारं प्रतिबिंब बघायला जावंच. पॅराग्लायडिंगचं बीर मात्र दोन दिवसांचं काम आहे, ते शेवटच्या आठवड्यानंतर ठेवा.

दलाई लामांचं प्रवचन असेल तर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा बघा आणि आधीच ओळखपत्र व फोटो देऊन नोंदणी करा. आत फोन आणि कॅमेरा चालत नाही. बसायला उशी, चहासाठी पेला आणि भाषांतर ऐकायला इअरफोनसह छोटा एफएम रेडिओ न्या. फोनमधला एफएम चालेल असं समजून येणारे दारातूनच परत फिरतात.

८. विद्यार्थ्यांसोबत सहल

याची घाई करू नका. दोन आठवडे तरी जाऊ द्या. संस्थेला कळवा, मोकळ्या दिवशी ठेवा आणि सगळ्या वर्गाला बोलवा. दोघा-तिघांनाच नेलं की बाकीच्यांना ते लागतं.

जागा जवळची निवडा: धरमकोटच्या वरची एखादी मोकळी जागा किंवा नड्डीचा उतार. तिबेटी लोकांना सहल म्हणजे सतरंजी, भरपूर खाणं, पत्ते आणि गाणी. तुमच्या डोक्यात ट्रेक असेल तर तो बाजूला ठेवा. खाण्याची वाटणी वर्गातच इंग्रजीत करून घ्या, कोण काय आणणार हे प्रत्येकाने पूर्ण वाक्यात सांगायचं. तुम्ही कांदेपोहे करून न्या, तिखट बेताचं ठेवा; ज्यांना हवं ते स्वतःची लाल चटणी सोबत आणतातच.

हॉटेलात गेलात तर बिलावरून ओढाताण होईल. गुरूला पैसे देऊ देणं त्यांना अवघड जातं आणि त्यांची कमाई तुम्हाला माहीत असते. उपाय एकच: जेवणाआधी हात धुवायच्या निमित्ताने उठून गल्ल्यावर पैसे देऊन या.

तपासा: परतीची वेळ अंधाराच्या दोन तास आधीची आहे का? भिक्षूंना मठात ठरावीक वेळी परतायचं असतं, ते आधी विचारलंत का?

९. निघताना

तारीख पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगून ठेवा आणि शेवटच्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. पुढच्या शिक्षकासाठी एक पानभर टिपण करा: कुठले पाठ झाले, कोण कुठे अडतं, कुणाला बोलतं करायला काय चालतं, कुठला विषय टाळायचा. हे पान संस्थेच्या हातात द्या, तुमच्या फोनमध्ये राहिलं तर त्याचा उपयोग नाही.

शेवटच्या तासाला गळ्यात खाता पडतील, पांढरी रेशमी उपरणी. मान झुकवून घ्यायची, लगेच काढायची नाही. जास्त झाल्या तरी कचऱ्यात टाकू नका. घरी आणा किंवा कोऱ्याच्या वाटेवर बांधा. 'पुढच्या वर्षी नक्की येतो' हे तिकीट काढलेलं असेल तरच म्हणा. आणि पत्ते-नंबर देताना वर्गाचा एकच ग्रुप करा, त्यात रविवारी एक प्रश्न इंग्रजीत टाका. चार-पाच जण तरी उत्तर देतात, आणि तेवढ्यांच्या चुका दुरुस्त करायला तुम्हाला दहा मिनिटं पुरतात.